लग्न नेमकं कधी लागलं?

परदेशात लग्न करायचं ठरवून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी पहिला प्रश्न हाच विचारते: जिथे लग्न आहे, तिथल्या कायद्यानं मुलगा-मुलगी नेमके कोणत्या क्षणी नवरा-बायको होतात? तोवर हॉल ठरलेला असतो, शालू घेऊन झालेला असतो, निम्म्या वऱ्हाडाची तिकिटंही निघालेली असतात. या प्रश्नाला मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. “गुरुजी आहेत ना,” आई म्हणते. “रजिस्टर काय, नंतर सवडीनं करता येईल,” वडील म्हणतात. मुलगा-मुलगी व्हिडिओ कॉलवर असतात. त्यांना फक्त तारीख पक्की करून हवी असते.

माझं ऑफिस पुण्यात, शिवाजीनगरला. वकिलीची सुरुवात कौटुंबिक न्यायालयातल्या कामांनी झाली: पोटगी, मुलांचा ताबा, घटस्फोट. पुढे इथली मुलं स्टुटगार्टला, म्युनिकला, लंडनला, न्यू जर्सीला गेली, तिथेच रमली, लग्नही तिथेच करू म्हणायला लागली, आणि त्यांच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे वाढत गेलं. मोडलेल्या लग्नांचे कागद मी आधी पाहिले, होऊ घातलेल्या लग्नांचे नंतर. त्यामुळे आज एखादा कागद राहिला तर उद्या तो कोणाला भोवतो, याचा विचार माझ्या मनात आपोआप येतो. बहुतेक वेळा तो मुलीला भोवतो.

आपल्या डोक्यात लग्नाचं जे चित्र बसलंय त्यात कायद्याचा वाटा केवढा आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की दोघांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे विधी करून लग्न लावता येतं, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. सरकारी माणूस तिथे असावा लागत नाही. जागा कुठलीही चालते. मंगल कार्यालय, गच्ची, घरापुढचं अंगण. महाराष्ट्रात त्यानंतर नमुना ड भरतात, तीन साक्षीदारांच्या आणि पुरोहिताच्या सह्या घेतात, प्रमाणपत्र मिळतं. पण ती झालेल्या लग्नाची नोंद. लग्न त्याआधीच लागलेलं असतं. म्हणून आपल्याला ‘नंतर करू’ म्हणायची सवय लागली आहे, आणि इथे ती बहुधा खपूनही जाते.

हाच कायदा दुसऱ्या बाजूनंही तितकाच कडक आहे, हे एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. त्या खटल्यातली दोघंही प्रशिक्षित वैमानिक होती. विधी पुढे करायचे ठरवून त्यांनी आधी एका संस्थेकडून विवाहाचं प्रमाणपत्र घेतलं आणि त्याच्या आधारे नोंदणीही करून टाकली. मग बिनसलं. न्यायालयानं सांगितलं की विधीच झाले नसतील तर नोंदणी असूनही हिंदू विवाह झालेला नाही. परदेशी जायच्या व्हिसासाठी, वेळ वाचावा म्हणून आईवडील विधींआधीच अशी नोंदणी करू देतात, याचाही त्या निकालात स्पष्ट उल्लेख आहे.

ते वाचताना मला माझ्या टेबलासमोर बसून गेलेली किती तरी घरं आठवली. “मॅडम, मुहूर्त डिसेंबरचा आहे, पण व्हिसाला सर्टिफिकेट जूनमध्येच लागतंय. आत्ता नुसतं रजिस्टर करून द्या ना.” न झालेल्या लग्नाची तारीख नमुना ड वर घालायला मी ठाम नकार देते. त्याऐवजी १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यांच्यापुढे ठेवते. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं, मग त्याच्यापुढे आणि तीन साक्षीदारांपुढे दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं म्हणायचं. त्या शब्दांनीच लग्न होतं. डिसेंबरची सप्तपदी मग हौसेनं करा, घाणा भरा, सीमांतपूजन करा, कानपिळीला मेहुण्याची अंगठीही वसूल करा. कायद्याचं काही अडत नाही. गोव्यातल्या घरांना हे समजावून सांगावं लागत नाही. पोर्तुगीज अमदानीपासून तिथे निबंधकापुढे दोन सह्यांची पद्धत आहे. पहिली इराद्याची, मधे हरकतींसाठी काही दिवस, मग दुसरी. मुलीची ‘सही झाली’ म्हटलं की तिथल्या आजीलाही त्याचं वजन कळतं.

इंग्लंडमध्ये सगळं उलटं होतं. तिथे १९४९ चा विवाह कायदा चालतो आणि त्याचा भर जागेवर आहे. लग्न नोंदणी कार्यालयात व्हावं, किंवा परवानगी मिळालेल्या स्थळी व्हावं, किंवा विवाहासाठी नोंदवलेल्या प्रार्थनास्थळी व्हावं. त्याआधी दोघांनी स्वतः जाऊन नोटीस द्यायची आणि किमान २८ दिवस थांबायचं. दोघांपैकी कुणी व्हिसावर असेल तर ही मुदत ७० दिवसांपर्यंत जाऊ शकते. शिवाय परवानगीच्या स्थळी निबंधकासमोर होणाऱ्या विवाहात धार्मिक विधी चालत नाहीत. म्हणून तिथली जाणती मराठी मंडळी दोन वेगळे समारंभ करतात. आधी निबंधकासमोर दोन साक्षीदार घेऊन सह्या, मग अंतरपाट, मंगलाष्टका, लाजाहोम, सप्तपदी. कुणी एकाच दिवशी करतं, कुणी चार दिवस मधे ठेवतं.

हे ज्यांना कोणी सांगितलं नाही, त्यांतली एक मुलगी माझ्याकडे आली. मूळची सातारा जिल्ह्यातली, तिकडे स्वतःच्या नोकरीवर गेलेली. लग्न तिथल्याच एका शहरात, भाड्याच्या हॉलमध्ये झालं. इथून आईवडील, मामा-मामी, काका-काकू गेले होते. विधी अगदी साग्रसंगीत झाले. अल्बम तिनं माझ्या टेबलावर उघडला तेव्हा सुपारीवर पाऊल ठेवल्याचा फोटो त्यात होता, एकेका पावलाचा वेगळा. नोटीस दिलेली नव्हती, निबंधक बोलावलेला नव्हता, आणि ‘नंतर करू’ म्हणता म्हणता वर्षं गेली. नवरा वेगळा झाला तेव्हा तिथल्या वकिलानं तिला सांगितलं की इंग्लंडच्या कायद्यात हे लग्नच नाही, त्यामुळे घटस्फोटाचा अर्ज करायलाही जागा नाही. दोघांच्या पगारातून हप्ते भरलेलं घर त्याच्या एकट्याच्या नावावर होतं.

तो वकील काही चुकीचं सांगत नव्हता. लंडनच्या साऊथॉलमध्ये १९९८ साली एका उपाहारगृहात झालेल्या निकाहचा खटला २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयापुढे आला होता. जोडपं जवळजवळ अठरा वर्षं एकत्र राहिलेलं, चार मुलं झालेली. न्यायालयाचा निर्णय असा की कायद्यानं घालून दिलेली कुठलीच पायरी पाळलेली नसेल तर तो विवाह रद्दबातल ठरवण्याइतकाही अस्तित्वात नाही; मुळात विवाहच नाही. रद्दबातल ठरवता आला असता तर बायकोला निदान पोटगी आणि मालमत्तेतला वाटा मागता आला असता. साताऱ्याच्या त्या मुलीचं लग्न इथल्या कायद्यानं उभं करता येईल का, हे आम्ही फोटो, गुरुजींचा जबाब, हॉलची पावती गोळा करून पाहिलं. इथे तिची बाजू मांडता येत होती. घर मात्र तिकडे होतं.

भारतात सप्तपदीवाचून कागद चालत नाही, इंग्लंडमध्ये कागदावाचून सप्तपदी चालत नाही. या दोन्हींच्या मधे आपल्या मुली राहताहेत. म्हणून मी तो पहिला प्रश्न इतका लावून धरते.

जर्मनीचं काम सगळ्यांत जास्त वेळ खातं आणि पुण्यातून ते सतत येत असतं. तिथे लग्न होतं ते फक्त सरकारी विवाह-निबंधकापुढे, दोघांनी जातीनं आणि एकाच वेळी हजर राहून. बिस्मार्कच्या काळापासून २००८ साल संपेपर्यंत सरकारी विवाहाच्या आधी धार्मिक विवाह लावायला तिथे मनाईच होती. निबंधक परदेशी माणसाकडे त्याच्या देशाचा असा दाखला मागतो की याच्या लग्नाला काही अडथळा नाही. आपल्याकडे असा दाखला देणारं कार्यालय नाही, कारण देशभरातल्या लग्नांची एकत्र नोंदवही नाही. अमुक मुलगी अविवाहित आहे, हे छातीठोकपणे सांगू शकेल असं एकही सरकारी टेबल आपल्याकडे नाही. मग आपण काय देतो, तर स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र. मुलीचं एक, आईवडिलांचं एक, त्यावर नोटरीचा लाल शिक्का. त्या दाखल्याची अट माफ करून घेण्यासाठी तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षाकडे वेगळा अर्ज जातो.

इथे लोकांना सर्वांत मोठा धक्का अपोस्टीलचा बसतो. १९६१ च्या हेग करारात भारत आला, तो २००५ च्या जुलैपासून आपल्याला लागू झाला. म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा तो चौकोनी स्टिकर कागदाच्या पाठीमागे लागला की करारातल्या देशांनी आणखी शिक्के मागायचे नाहीत. नेदरलँड्सला चालतो, फ्रान्सला चालतो, जानेवारी २०२४ पासून कॅनडालाही चालतो. जर्मनीनं मात्र भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली होती, त्यामुळे भारतीय अपोस्टील तिथे चालत नाही. एजंटाला पैसे देऊन, धावपळ करून सगळ्या कागदांवर स्टिकर लावून आणलेले बाप मी पाहिले आहेत; त्यांना हे सांगताना मलाच वाईट वाटतं. जर्मनीला हवी असते पडताळणी. तिथल्या निबंधकाच्या किंवा न्यायालयाच्या विनंतीवरून इथला जर्मन दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आपल्या विश्वासातल्या वकिलाला पाठवतो. तो नगरपालिकेत जाऊन जन्माची मूळ नोंद बघतो, शाळेत जाऊन जनरल रजिस्टर बघतो, आणि गल्लीत जाऊन शेजाऱ्यांना विचारतो. महिने जातात.

कराडजवळच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांना मी याची आगाऊ कल्पना देऊन ठेवली होती. तरी प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा त्यांचा फोन आलाच. आवाज कापत होता. “ताई, एक माणूस आलाय. समोरच्या दुकानात विचारतोय, मास्तरांच्या मुलीचं आधी कधी लग्न झालं होतं का म्हणून. गावात आता तोंड कसं दाखवू?” ज्या माणसानं चाळीस वर्षं गावाची पोरं शिकवली, त्याच्या मुलीबद्दल चौकात चौकशी व्हावी, हा अपमान त्यांना सोसत नव्हता. मी त्यांना म्हटलं, “काका, त्या वकिलांना घरी बोलवा, चहा द्या, आणि शेजाऱ्यांनाही बोलवा. सगळ्यांना सांगा की मुलीचं लग्न जर्मनीत ठरलंय आणि तिथलं सरकार खात्री करून घेतंय.” त्यांनी तसं केलं. संध्याकाळी पुन्हा फोन केला तेव्हा आवाजात जरा जीव आला होता. दुकानदारानं म्हणे वकिलाला ती मुलगी पहिलीपासून कितव्या नंबरानं पास होत गेली तेही सांगून टाकलं होतं.

पडताळणीत सगळ्यांत जास्त अडतं ते नावांवरून. आपल्याकडे सासरी आल्यावर ताटात तांदूळ पसरून त्यात सुनेचं नवं नाव अंगठीनं लिहायची रीत आहे. आज ती कमी झाली, पण लग्नाला आलेल्या मुलींच्या आयांची लग्नं झाली तेव्हा ती जोरात होती. त्यामुळे मुलीच्या जन्मदाखल्यात आईचं सासरचं नाव, आईच्या शाळेच्या दाखल्यात माहेरचं, आधारवर तिसरंच, कारण भरून घेणाऱ्यानं ‘बाई’ जोडलेलं. जर्मन कारकून विचारतो की या तीन बायका कोण? त्याचं काही चुकत नाही. त्याच्यासमोर तीन नावं आहेत. त्यात मुलीच्या स्वतःच्या दाखल्यात नावाचा रकानाच रिकामा असतो, कारण बाळ जन्मल्यावर हॉस्पिटलनं कळवलं आणि बारशानंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही. असा दाखला दिसला की मी बाकीची सगळी कामं बाजूला ठेवायला सांगते आणि आधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात पाठवते. आईच्या दोन नावांसाठी वेगळं प्रतिज्ञापत्र आणि असेल तर राजपत्राची प्रत लागते. एका आईनं या निमित्तानं आपलं माहेरचं नाव कितीतरी वर्षांनी सही करताना लिहिलं. तिला ते दोनदा लिहावंसं वाटलं, आणि मी तिला दुसरा कागद दिला.

जर्मनीत राहणारी बरीच जोडपी हा सगळा व्याप टाळून डेन्मार्कला जातात. तिथे २०१९ पासून कौटुंबिक कायद्याची एक मध्यवर्ती यंत्रणा कागद तपासते आणि विवाहाला पात्र असल्याचं प्रमाणपत्र देते. ते चार महिने चालतं. तेवढ्यात एखाद्या नगरपालिकेत वेळ घ्यायची. एरो नावाच्या छोट्या बेटावर तर बाहेरून लग्नासाठी येणाऱ्यांचीच रीघ असते. मार्ग कायदेशीर आहे, जर्मनी ते लग्न मानते, आणि मी तो सुचवतेही. पण इथल्या आईवडिलांना तो गळी उतरवणं अवघड जातं. आपल्या मुलीचं लग्न पंधरा मिनिटांत, ना तिच्या गावात ना त्याच्या, कोणा अनोळखी बेटावर, हे ऐकून त्यांना पळून जाऊन केलेल्या लग्नाची आठवण होते. मी त्यांना सांगते की सोहळा तुम्ही पुण्यात करणारच आहात; तिच्या हातात भक्कम कागद असू दे.

अमेरिका त्या मानानं सोपी. लग्नाआधी तिथल्या स्थानिक कार्यालयातून परवाना काढायचा. न्यूयॉर्कला तो मिळाल्यावर २४ तास थांबावं लागतं, टेक्सासला ७२ तास, कॅलिफोर्नियात लगेच लग्न करता येतं. गुरुजींनी विधी झाल्यावर त्यावर सही करून तो परत पोचवायचा. न्यूयॉर्क शहरात त्यासाठी गुरुजींची आधी नोंदणी लागते, एवढं पाहायचं. फ्रान्सला महापौर तिरंगी पट्टा खांद्यावरून घेऊन नागरी संहितेतली पती-पत्नीच्या कर्तव्यांची कलमं वाचून दाखवतात, आणि धार्मिक विधी त्यानंतरच. मला ती पद्धत आवडते. लग्नाच्या दिवशी दोघांना त्यांची कर्तव्यं कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवतं.

एक गोष्ट मी प्रत्येक घराला बजावून सांगते. परदेशी कायद्यानं लग्न झालं आणि मग इथे थाटात विधी केले, तर त्या विधींची पुन्हा नव्या तारखेनं नोंदणी करू नका. एकाच जोडप्याची दोन प्रमाणपत्रं, एकावर जून, दुसऱ्यावर डिसेंबर, असं झालं की पुढे प्रत्येक व्हिसाच्या, प्रत्येक मुलाच्या जन्मनोंदणीच्या वेळी अधिकारी विचारतो की मग मधले सहा महिने तुम्ही कोण होता? परदेशातलं लग्न आपल्या दूतावासात १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली नोंदवून घेता येतं, दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असला तरी. दूतावासातल्या विवाह अधिकाऱ्यापुढे लग्नही करता येतं, पण तिथेही नोटीस आणि वाट पाहणं आहेच. सगळ्या अर्जांवर तारीख एकच लिहायची, कायद्यानं लग्न ज्या दिवशी झालं तीच.

सध्या माझ्याकडे एडिंबराच्या लग्नाचं काम आहे. मुलगी कोथरूडची, मुलगा तिकडच्याच नोकरीतला, जळगावचा. दोघांच्याही आईवडिलांची इच्छा की लग्न तिकडेच व्हावं, पण सप्तपदीनं व्हावं, आणि वेगळं रजिस्टर करायची वेळ येऊ नये. इंग्लंडमध्ये हे एका दमात जमवणं फार अवघड. स्कॉटलंडमध्ये जमतं, कारण १९७७ च्या तिथल्या कायद्याचा भर जागेवर नाही, लग्न लावणाऱ्या व्यक्तीवर आहे. गुरुजींना लग्न लावायचा अधिकार मिळालेला असेल तर बागेत, किल्ल्यात, नदीकाठी, कुठेही त्यांनी लावलेलं लग्न कायद्यानंही लागतं. इंग्लंडचा कायदाही याच दिशेनं बदलावा, अशी शिफारस तिथल्या विधी आयोगानं २०२२ मध्ये केली आहे; ती लवकर अमलात यावी असं मला मनापासून वाटतं. साताऱ्याच्या मुलीसारखी वेळ मग कितीतरी जणींवर येणार नाही.

दोघांचे अर्ज निबंधकाकडे गेले आहेत, लग्नाआधी किमान २९ दिवस ते जावे लागतात. गुरुजींचा अधिकार मी स्वतः लेखी मागवून घेतला. मुहूर्तावरून थोडी चर्चा झाली. मुलाच्या आजीला गोरज मुहूर्त हवा होता. जूनमध्ये एडिंबराला सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात, तोवर हॉलची वेळ संपते, म्हणून गुरुजींनी तिथल्या सूर्योदयावरून गणित मांडून सकाळचा मुहूर्त काढून दिला. होमाला हॉलवाल्यांची परवानगी आली आहे, धुराचा गजर तेवढा वेळ बंद ठेवतील. अक्षता टाकायला मात्र त्यांनी नाही म्हटलं, जमिनीवर तांदळानं पाय घसरतो म्हणून. फुलांच्या पाकळ्या चालतील. सप्तपदीनंतर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं दोन साक्षीदारांसमोर इंग्रजीत म्हणायचं आहे, ते वाक्य गुरुजींच्या पोथीत कागदाची पट्टी घालून ठेवायला सांगितलंय.

निबंधक लग्नाआधी जो तक्ता देतो, त्याच्यावर तिथल्या तिथे सगळ्यांच्या सह्या होऊन तो तीन दिवसांत परत त्याच्याकडे पोचला पाहिजे. नवरा-नवरी लग्नानंतर लगेच फिरायला निघणार आहेत. तक्ता परत नेऊन देण्याचं काम मुलीच्या मामांनी अंगावर घेतलंय. नवरीला बोहल्यावर आणणारे तेच आहेत. काल त्यांनी फोन करून कार्यालयाचा पत्ता, उघडायची वेळ आणि कोणाच्या हातात द्यायचं ते विचारून घेतलं, आणि पोच मिळते का तेही विचारलं.